टेस्टोस्टेरॉन चालू, रक्त घट्ट आणि लोह तळाला

प्रश्न थोडक्यात असा. उदगीरकडचे एक सर, वय ४६, कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतात. तीन वर्षांपूर्वी पिट्युटरीच्या, म्हणजे मेंदूच्या तळाशी बसून बाकीच्या हार्मोन-ग्रंथींना चालवणाऱ्या ग्रंथीच्या, गाठीचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून थायरॉक्सिन आणि हायड्रोकॉर्टिझोन चालू आहे, आणि अडीच वर्षांपासून दर पंधरा दिवसांनी टेस्टोस्टेरॉन एनन्थेटचं २५० मिलिग्रॅमचं इंजेक्शन. शुगरसाठी मेटफॉर्मिन होतंच, पुढे डापाग्लिफ्लोझिनची भर पडली. इंजेक्शन सुरू करताना हिमोग्लोबिन १२.६ होतं. ते चढत १८.१ वर गेलं, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा टक्का, ५५.२ झाला. "रक्त घट्ट झालंय, रक्तदान करत चला," असा सल्ला मिळाला आणि सरांनी गेल्या सव्वा वर्षात पाच वेळा शिबिरात रक्त दिलं. आता जिना चढताना धाप लागते, रात्री पाय स्वस्थ पडू देत नाहीत, केस गळतात. ताजा रिपोर्ट: हिमोग्लोबिन १६.४, हिमॅटोक्रिट ५२.४, फेरिटिन (अंगातल्या लोहसाठ्याचा आकडा) ८. एक जण म्हणतो लोहाच्या गोळ्या घ्या, दुसरा म्हणतो घेतल्या तर रक्त आणखी घट्ट होईल. सर विचारतात, इंजेक्शन बंद करू का, रक्त देत राहू का, गोळ्या घेऊ का?

सर, आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. शिबिरात रक्त देणं थांबवा. इंजेक्शनचा डोस आणि पद्धत तुमच्या हार्मोनच्या डॉक्टरांकडून बदलून घ्या. लोह घ्या, पण डोस बदलल्यानंतर आणि थोडं थोडं. हा क्रम उलटा केला तर तुमच्या दोन्ही सल्लागारांचं म्हणणं खरं ठरेल आणि तुम्ही मधल्या मध्ये अडकाल.

आता तुमचा रिपोर्ट. तुम्ही फोटो पाठवलात हे बरं केलं, कारण खरी गोष्ट हिमोग्लोबिनच्या खालच्या ओळींत आहे. लाल पेशींची संख्या ७.०८, म्हणजे भरपूर. पण एमसीव्ही ७४, म्हणजे प्रत्येक पेशी लहान. एमसीएच २३, म्हणजे पेशीत रंगद्रव्य कमी. आरडीडब्ल्यू १८.९, म्हणजे पेशी एकसारख्या नाहीत, काही जुन्या चांगल्या, काही नव्या खुरटलेल्या. शरीर टेस्टोस्टेरॉनच्या हुकमावरून पेशी बनवतच सुटलंय आणि कच्चा माल संपलाय. हिमोग्लोबिन १६.४ दिसतं म्हणून कुणी 'ॲनिमिया' म्हणणार नाही. पण लोहाची कमतरता ॲनिमियाशिवायही असते, आणि ती स्नायूंना, मेंदूला, केसांच्या मुळांना भोगावी लागते. थकवा त्यातून येतो, आणि पायांची रात्रीची ती वळवळही त्यातूनच. पाय अस्वस्थ होण्याच्या या त्रासात आम्ही फेरिटिन ७५ च्या खाली असलं तरी लोह देण्याचा विचार करतो. तुमचं ८ आहे.

हा रिपोर्ट पाहून कुणीतरी तुम्हाला थॅलेसेमिया मायनर, म्हणजे हिमोग्लोबिनचा सौम्य जन्मजात दोष, म्हणेल. पेशी भरपूर आणि लहान असल्या की तसा संशय येतोच. एमसीव्हीला पेशींच्या संख्येने भागून १३ पेक्षा कमी आकडा आला तर थॅलेसेमिया, असा एक हिशेब विद्यार्थ्यांना शिकवतात. तुमचा साडेदहाच्या आसपास येतो. पण हिमोग्लोबिन १८.१ होतं त्या वेळच्या रिपोर्टमध्ये तुमची एमसीव्ही ८८ होती. थॅलेसेमिया मायनर जन्मापासून असतो, तो सव्वा वर्षात उगवत नाही. म्हणून जुने रिपोर्ट फेकू नका म्हणतो. अर्धं निदान जुन्या कागदात सापडतं.

लोह गेलं कुठे, याचा हिशेब मांडू. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये ३.४ मिलिग्रॅम लोह. म्हणजे हिमोग्लोबिन एका अंकाने वाढायला सुमारे १७० मिलिग्रॅम लोह लागतं. तुमचं साडेपाच अंकांनी वाढलं, तिथेच ९०० मिलिग्रॅमच्या वर लोह साठ्यातून उचललं गेलं. निरोगी पुरुषाचा सगळा साठाच ५०० ते १००० मिलिग्रॅमचा असतो. आणि हिमोग्लोबिन १७ असताना ३५० मिलिलिटरची एक पिशवी दिली की साधारण २०० मिलिग्रॅम लोह बाहेर जातं. पाच पिशव्या, हजार मिलिग्रॅम. जेवणातून दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम अंगी लागतं, आणि तेवढंच एक मिलिग्रॅम रोज आपोआप झडत असतं. फेरिटिन ८ वर आलं यात नवल नाही. इतके दिवस तग धरली हेच विशेष.

सुरुवातीला फेरिटिन उतरणं हे टेस्टोस्टेरॉनच्या कामाचाच भाग आहे, तेवढ्याने घाबरायचं कारण नसतं. यकृतात हेप्सिडिन नावाचं एक हार्मोन तयार होतं. ते वाढलं की आतड्यातून लोह शोषणं आणि साठ्यातून लोह सुटणं, दोन्ही मंदावतं. टेस्टोस्टेरॉन हेप्सिडिनला दाबतं, शिवाय मूत्रपिंडातून येणाऱ्या, लाल पेशी बनवायला लावणाऱ्या एरिथ्रोपोएटिनची पातळी वरच्या टप्प्यावर नेऊन ठेवतं. साठ्यातलं लोह धडाधड मज्जेकडे, म्हणजे हाडांतल्या रक्तपेशींच्या कारखान्याकडे, जातं, पेशी वाढतात. ज्यांचं टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी आहे त्यांना यातून फायदाच होतो. तुमचं १२.६ हिमोग्लोबिन हे टेस्टोस्टेरॉनच्या अभावाचंच लक्षण असणार, आणि ते १५ वर येऊन थांबलं असतं तर मी उपचार जमला म्हटलं असतं. ते १८ वर का गेलं, हा विचार कुणी केला नाही. पिशवी काढून आकडा खाली आणला.

शेतातल्या मोटारीचं बटण चालू ठेवून वाहणारी टाकी बादलीने उपसावी, तसं हे झालं. रक्त काढल्यावर हिमॅटोक्रिट दोन-तीन अंकांनी उतरतो, काही आठवड्यांत परत चढतो, कारण चढवणारं कारण जागेवरच आहे. प्रत्येक वेळी लोह मात्र जातं ते जातंच. शेवटी हिमॅटोक्रिट खाली येतो तो लोह संपल्यामुळे, आणि त्याला लोक 'कंट्रोल' म्हणतात. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांनी नियमित रक्त काढल्याने गुठळ्या किंवा हार्ट ॲटॅक टळतात असं दाखवणारी भक्कम चाचणी झालेली नाही. पॉलिसायथेमिया व्हेरा या आजारात रक्त काढून हिमॅटोक्रिट ४५ च्या खाली ठेवल्याने फायदा होतो, हे २०१३ मध्ये इटलीतल्या ३६५ रुग्णांच्या चाचणीने दाखवलं. इंटरनेटवर तोच ४५ चा आकडा उचलून टेस्टोस्टेरॉनवाल्यांना चिकटवतात. तो मज्जेचा वेगळा आजार आहे, त्यात प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशीही बिघडलेल्या असतात. तिथला आकडा इथे लागू होत नाही.

आणि शिबिर. आपल्याकडे जयंती असो, पुढाऱ्याचा वाढदिवस असो, मंडप पडला की रक्तदान असतंच. चांगलं काम आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण तिथे तपासतात काय? बोटाच्या रक्ताचा थेंब निळ्या कॉपर सल्फेटच्या द्रावणात सोडतात. थेंब बुडाला म्हणजे हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर, माणूस पास. तुमचा थेंब तर दगडासारखा बुडत असणार. फेरिटिन कुणी पाहत नाही आणि शिबिरात ते पाहणं शक्यही नाही. त्यात तुम्ही हायड्रोकॉर्टिझोनवर आहात. ज्याच्या अंगात ताणाच्या वेळी कॉर्टिझॉल आपोआप वाढत नाही, अशा माणसाने उन्हाळ्यात मंडपात बसून रक्त द्यावं, हे मला मुळातच पटत नाही. फॉर्मवर सगळी औषधं लिहिली होती का, हेही विचारतो. रागावू नका, विचारावं लागतं.

रक्त काढणं कायमचं बाद, असंही माझं म्हणणं नाही. हिमॅटोक्रिट ५४ च्या वर आहे, डोकं जड, नजर धूसर, चेहरा लालबुंद, अशा माणसाचं एखादं वेळी रक्त काढावं लागतं. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, रक्तपेढीत, फेरिटिन पाहून, उपचार म्हणून. डोस कमी केल्याचा परिणाम दिसेपर्यंतची ती तात्पुरती सोय.

आता मूळ कारणाकडे येतो. तुमच्या बाबतीत मला एकाहून जास्त कारणं दिसतात.

पहिलं म्हणजे डोस. पंधरा दिवसांना २५० म्हणजे आठवड्याला १२५. एंडोक्राइन सोसायटी या हार्मोन-तज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत एनन्थेटसाठी आठवड्याला ७५ ते १००, किंवा दोन आठवड्यांना १५० ते २०० असं दिलंय. तुम्ही त्याच्या वर आहात. शिवाय एकदम २५० टोचलं की पहिल्या दोन-तीन दिवसांत पातळी आभाळाला आणि तेराव्या दिवशी जमिनीवर. मज्जा त्या शिखरांना प्रतिसाद देते. जेलपेक्षा या इंजेक्शनांनी हिमॅटोक्रिट जास्त चढतो, त्याचं हे एक मोठं कारण.

पण २५० कुणी ठरवलं? माझा अंदाज असा, कारण हा घोळ मी वारंवार पाहतो: पुढचं इंजेक्शन घ्यायला गेलात, त्याच सकाळी टेस्टोस्टेरॉन तपासलं, पातळी कमी आली, डोस वाढवला. ती पातळी तळाची होती. या इंजेक्शनावर असताना तपासणी दोन इंजेक्शनांच्या बरोबर मध्ये करायची, म्हणजे तुमच्या बाबतीत सातव्या दिवशी. ती ३५० ते ६०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या दरम्यान असली तर पुरे. ६०० च्या वर असेल तर डोस जास्त आहे. ही एक तपासणी नीट वेळेवर केली असती तर कदाचित एकही पिशवी द्यावी लागली नसती.

डोस कमी कसा करायचा हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं, पण पर्याय माहीत असू द्या. दर आठवड्याला छोटा डोस हा सगळ्यात साधा, फक्त २५० चं ॲम्प्यूल एकदा फोडलं की उरलेलं ठेवता येत नाही, आणि कंपाउंडरला "अर्धं टोचा, अर्धं टाका" सांगितलं की त्याचा जीव हळहळतो. दुसरा पर्याय जेल. रोज सकाळी खांद्याला लावायचं, हात साबणाने धुवायचे, जागा कपड्याने झाकायची. घरात लहान मूल असेल तर यात हयगय नको, कातडीला कातडी लागून औषध मुलाच्या अंगात जातं. तिसरा, अनडेकॅनोएटचं १००० मिलिग्रॅमचं लांब पल्ल्याचं इंजेक्शन: पहिल्यानंतर सहा आठवड्यांनी दुसरं, पुढे १० ते १४ आठवड्यांनी एक. त्यात चढउतार कमी. ते सावकाश टोचायचं आणि नंतर अर्धा तास दवाखान्यात बसायचं, कारण तेल फुप्फुसात जाऊन खोकल्याची उबळ येण्याचा थोडा धोका असतो. हे तीन तासांचं अंतर कापून लातूरला येणाऱ्या माणसाला सोयीचं पडतं, पण महाग आहे.

दुसरं कारण डापाग्लिफ्लोझिन. हे नाव वाचून मी थांबलो. हे औषध स्वतःच हिमॅटोक्रिट दोन ते चार अंकांनी वाढवतं. लघवीवाटे पाणी जातं म्हणून थोडं, पण मुख्यतः एरिथ्रोपोएटिन वाढून आणि हेप्सिडिन कमी होऊन, म्हणजे टेस्टोस्टेरॉनच्याच वाटेने. २०२० नंतर याची स्वस्त जेनेरिक आली आणि आता आपल्याकडे शुगरच्या कितीतरी चिठ्ठ्यांवर ते असतं. शुगरचे डॉक्टर टेस्टोस्टेरॉन विचारत नाहीत, हार्मोनचे डॉक्टर शुगरच्या गोळ्यांची यादी वाचत नाहीत, आणि दोन्ही औषधं एकाच मज्जेला चाबूक मारतात. तारखा जुळवून पाहा: ही गोळी कधी सुरू झाली आणि हिमॅटोक्रिट ५० च्या वर कधी गेला. स्वतःहून बंद मात्र करू नका. हृदयाला आणि किडनीला तिचा फायदा आहे. आधी टेस्टोस्टेरॉन खाली आणायचं, तेवढ्याने भागलं नाही तर गोळीचा विचार.

तिसरं, घोरणं. तुम्ही काही लिहिलं नाहीत, म्हणून वहिनींना विचारा. रात्री घोरता घोरता श्वास थांबतो, मग दचकून उठल्यासारखा परत सुरू होतो, असं होतं का? दिवसा वर्गात बसल्या जागी डुलकी लागते का? झोपेत ऑक्सिजन उतरला की शरीर लाल पेशी वाढवतं. गाठ कुठल्या प्रकारची होती तेही कळवा. वाढीच्या हार्मोनची असेल तर झोपेत श्वास थांबण्याचा हा आजार असण्याची शक्यता आणखी जास्त. विडी-सिगारेट असेल तर तीही लाल पेशी वाढवते, धुरातला कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिजनची जागा अडवतो म्हणून. तंबाखू-चुन्याने हिमॅटोक्रिट वाढत नाही. तिचे बाकीचे प्रताप वेगळे.

चौथं कारण खरं तर कारण नाही, मोजण्यातली गफलत आहे, पण आपल्या भागात ती फार होते. शुगर उपाशीपोटी तपासायची म्हणून माणूस रात्रीपासून पाणीसुद्धा पीत नाही. मे महिना, पारा ४२ च्या पुढे, अंगातलं पाणी आधीच आटलेलं. तशात नमुना दिला की हिमॅटोक्रिट दोन-तीन अंक फुगलेला येतो. पाण्याने उपास मोडत नाही. सकाळी दोन तांबे पाणी पिऊन जा. दुसरं, तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवर घेतलेली ट्यूब दुपारभर डब्यात पडून संध्याकाळच्या गाडीने लातूरला नाहीतर पुण्याला जाते. उष्णतेत पडलेल्या नमुन्यात लाल पेशी फुगतात. मशीन हिमॅटोक्रिट थेट मोजत नाही, पेशींची संख्या गुणिले पेशीचा आकार असा काढतं. आकार फुगला की हिमॅटोक्रिट फुगला, हिमोग्लोबिन मात्र जिथल्या तिथे. म्हणून निर्णय घ्यायचा असेल तेव्हा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) अशा लॅबमध्ये करा जिथे मशीन त्याच इमारतीत आहे, आणि दर वेळी तिथेच.

आकड्यांच्या रेषा कुठे आहेत तेही सांगतो. हिमॅटोक्रिट ४८ च्या वर असताना टेस्टोस्टेरॉन सुरू करू नये. उंच डोंगराळ भागातल्या लोकांसाठी ५० ची सवलत आहे, पण संभाजीनगर समुद्रसपाटीपासून पावणेसहाशे मीटरच्या आसपास, आपल्याला ती लागू नाही. सुरू केल्यावर तीन ते सहा महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा तपासायचा. ५४ च्या वर गेला तर औषध थांबवायचं, ऑक्सिजन कमी पडण्याची आणि झोपेतल्या श्वासाची तपासणी करायची, खाली आल्यावर कमी डोसने परत सुरू करायचं. तुमचा आज ५२.४ आहे. थांबवायची वेळ नाही, कमी करायची आहे. आणि लक्षात घ्या, हा आकडा लोह संपलेलं असतानाचा आहे. लोह असतं तर तुम्ही ५४ च्या पलीकडे असता.

म्हणूनच लोह आधी नको. उपाशी मज्जेवर टेस्टोस्टेरॉनचा तोच डोस चालू ठेवून लोह ओतलं की पहिल्या महिन्यातच हिमॅटोक्रिट उडी मारतो. सलाइनमधून लोह देऊन 'एका बैठकीत काम' करण्याचा मोह इथे टाळायचा. मी असं करतो: डोस खाली आणल्यावर तीन-चार आठवडे थांबून सीबीसी बघतो. हिमॅटोक्रिट उतरायला लागला की साधारण ६० मिलिग्रॅम लोहाची एक गोळी, एक दिवसाआड. रोज का नाही? एक गोळी घेतली की हेप्सिडिन दिवसभर चढून राहतं आणि दुसऱ्या दिवशीची गोळी कमी शोषली जाते. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी लोह कमी असलेल्या तरुण महिलांवर हे तपासलं. दिवसाआड घेतल्याने अंगी जास्त लागलं. आपल्याला घाईही नकोच आहे, म्हणून ही चाल दुहेरी सोयीची. दर चार आठवड्यांनी सीबीसी, आठ-दहा आठवड्यांनी फेरिटिन. हिमॅटोक्रिट ५२ ओलांडू लागला की गोळी थांबवून डोसकडे परत बघायचं. फेरिटिन ५० च्या आसपास आलं आणि पाय शांत झाले की माझं समाधान. १०० च्या मागे धावत नाही. फेरिटिन सूज-तापात खोटं वाढतं, म्हणून सर्दी-तापाच्या आठवड्यात तपासू नका. शंका असेल तर सोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात वाहून नेल्या जाणाऱ्या लोहाची तपासणी, करा.

तुमच्यासाठी एक खास गोष्ट. सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिन घेता ना? लोहाची गोळी त्याच्यापासून किमान चार तास लांब. दोन्ही एकत्र पोटात गेल्या तर लोह थायरॉक्सिनला धरून ठेवतं, ते शोषलं जात नाही, आणि थकवा घालवायला घेतलेल्या गोळीने थकवा वाढतो. दुपारी चारच्या सुमारास लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहा त्यानंतर दोन तासांनी. स्टाफरूममध्ये ही अट पाळणं अवघड, कल्पना आहे. रोज सकाळी सवयीने पॅन्टोप्राझोल घेत असाल तर तेही विचारून बंद होतं का पाहा, पोटातलं आम्ल कमी झालं की लोह अंगी लागत नाही.

आहाराबद्दल थोडक्यात. अंबाडीची भाजी, करडईची भाजी, हरभरा, ज्वारीची भाकरी चांगलीच, लोखंडी तवा-कढईही चांगली. लिंबू पिळा, जेवणावर चहा पिऊ नका. मटण-कलेजी खात असाल तर त्यातलं लोह जास्त सहज शोषलं जातं. पण हजार मिलिग्रॅमची तूट भाजीने भरून निघत नाही, आणि गूळ-शेंगदाण्याने तुमची शुगर तेवढी वाढेल.

शुगरवरून आठवलं. तुमची एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) सध्या धरू नका. लोह कमी असलं की ती खोटी वाढलेली येते. रक्त दिल्यावर नव्या पेशी जास्त असतात म्हणून खोटी कमी येते. तुमच्यात दोन्ही चालू आहे, आकडा कुठल्या बाजूला झुकलाय ते सांगता येणार नाही. तीन-चार महिने ग्लुकोमीटरवर भरवसा ठेवा, आणि त्या रिपोर्टवरून कुणी शुगरचा डोस बदलत असेल तर त्यांना हे सांगा.

थकव्याचं सगळं खापर लोहावर फोडू नका. टीएसएच पिट्युटरीतूनच येतं, म्हणून पिट्युटरीच्या रुग्णात ते पाहून थायरॉइडचा अंदाज घेता येत नाही, फ्री टी-फोर पाहावं लागतं. तुमच्या कागदांत मला फक्त टीएसएच दिसलं. हायड्रोकॉर्टिझोनच्या वेळाही तपासून घ्या. मेटफॉर्मिनवर आहात, तर बी-ट्वेल्व्ह करा. ते कमी असलं की पेशी मोठ्या होतात, लोह कमी असलं की लहान. दोन्ही एकत्र असलं की सरासरी 'नॉर्मल' दिसून सगळ्यांना फसवते.

आणि एक शंका मनात ठेवलीच पाहिजे. पाच पिशव्यांचा हिशेब तुमचं फेरिटिन समजावून सांगतो, तरी ४६ व्या वर्षी पुरुषाचं लोह संपलं की पोटातून रक्त जात नाही ना हे विचारायचंच. शौचाला काळं होतं का, मूळव्याधीचं रक्त जातं का, गुडघेदुखीसाठी मेडिकलवरून आणलेल्या गोळ्या रोज खाता का, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला होता का. एकाचं उत्तर जरी 'हो' आलं, किंवा रक्त देणं थांबवूनही लोह भरेना, तर दुर्बिणीची तपासणी करा. ती सोय संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, अंबाजोगाईच्या, लातूरच्या, नांदेडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात विचारा.

तुमचे प्लेटलेट ४.७ लाख आहेत. लोह कमी असलं की ते वाढतात, म्हणून आज मी गप्प बसतो. पण पेशी भरपूर, आकार लहान, फेरिटिन तळाला, प्लेटलेट वर, हे चित्र पॉलिसायथेमिया व्हेराचंही असतं. टेस्टोस्टेरॉनआधी तुमचं हिमोग्लोबिन १२.६ होतं, त्यामुळे शक्यता कमी. डोस कमी करून तीन महिन्यांत हिमॅटोक्रिट हललाच नाही, किंवा गरम पाण्याने अंघोळ केल्यावर अंगभर खाज सुटत असेल, तर एरिथ्रोपोएटिनची पातळी आणि जॅक-टू ही जनुकीय तपासणी करून टाका. त्या आजाराच्या बहुतेक सगळ्या रुग्णांत, सुमारे ९५ टक्क्यांत, जॅक-टूचा बदल सापडतो.

तीन महिने का म्हणतोय, तर लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. आज डोस उतरवला तरी बनून गेलेल्या पेशी आपलं आयुष्य जगूनच जाणार. पंधराव्या दिवशी रिपोर्ट काढून "फरक नाही" म्हणत परत शिबिर गाठू नका.

दरम्यान एका पायाची पोटरी सुजून दुखली, अचानक छातीत दुखून दम लागला, बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं किंवा एक हात लुळा पडला, तर रिपोर्टची वाट न पाहता तडक दवाखाना. २०२३ मध्ये आलेल्या ५२०० हून जास्त पुरुषांच्या चाचणीत टेस्टोस्टेरॉन जेलने हार्ट ॲटॅक आणि स्ट्रोकचं प्रमाण वाढलं नाही, हा दिलासा आहे. फुप्फुसातली गुठळी आणि हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता मात्र औषध घेणाऱ्यांत थोडी जास्त दिसली. तेही जेलवर, मोजूनमापून दिलेल्या डोसवर. जिमवाल्याने सांगितलं म्हणून आठवड्याला ५०० टोचणाऱ्या पोरांना हा दिलासा लागू नाही. त्यांना एवढंच सांगतो: पोरांनो, सीबीसी करा, आणि पुढे मूल हवं असेल तर आत्ताच थांबा, कारण बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की वीर्यातले शुक्राणू आटतात.

टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या ट्रान्स पुरुषांनी हाच लेख उलट्या बाजूने वाचावा. पाळीमुळे त्यांचा लोहसाठा सुरुवातीलाच रिकामा असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया ॲनिमिक होत्या, पुरुष २५ टक्के. ट्रान्स पुरुषांचं फेरिटिन उपचाराआधीच तपासून भरून घ्यावं, आणि पाळी थांबल्यावर हिमोग्लोबिनचा रिपोर्ट पुरुषांच्या मापाने वाचावा. किनवट-माहूरकडच्या रुग्णांनी, मग ते कुणीही असोत, टेस्टोस्टेरॉनआधी सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. त्या आजारात रक्त घट्ट होणं फार वाईट.

तर सर, या आठवड्यात करायचं ते असं. शेवटच्या इंजेक्शनाच्या सातव्या दिवशी सकाळी, पाणी पिऊन, टेस्टोस्टेरॉन, सीबीसी, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, फ्री टी-फोर, बी-ट्वेल्व्ह. पुढचं इंजेक्शन टोचण्याआधी हे कागद आणि डापाग्लिफ्लोझिनची पट्टी घेऊन हार्मोनच्या डॉक्टरांकडे जा. सोबत वहिनींना न्या, घोरण्याचं खरं त्याच सांगतील.